अकरावा वाटा

बोकड घेताना आधी त्याच्या तोंडात बघायचं. खालचा ओठ अंगठ्यानं ओढला की दात दिसतात. सगळे बारके असले तर दुधाचे, म्हणजे जनावर वर्षाच्या आतलं. मधे दोन मोठे आले असतील तर साल-सव्वा साल झालं. विकणारा वय सांगतो तिकडे लक्ष द्यायचं नाही. मग कमरेच्या मणक्यावर चार बोटं ठेवायची. हाड टोचलं तर उपाशी, हाड लागलंच नाही तर नुसती चरबी. हे मला वडिलांनी शिकवलं, धाराशिवकडच्या आमच्या गावात, मी सातवीतून शाळा सोडली त्याच वर्षी. शाळेतलं बरंचसं विसरले. हे नाही विसरले.

दिवाळी अंकाच्या बाई म्हणाल्या, सुनंदाताई, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, लोक दिवाळीत चकली खात वाचणार आणि त्यात मटणाचं? त्या हसल्या. म्हणाल्या, लिहा हो, आपल्या काही वाचकांनी तुमच्याकडचं खाल्लेलं आहे. आता लिहायचंच तर लाजत लिहिणार नाही. लाजण्यासारखं मी काही करत नाही, फक्त एक गोष्ट सोडून. ती शेवटी सांगते.

माझं काम असं. महूजवळच्या राऊ गावात कांबळेकाकूंच्या घरामागे माझी शेड आहे. तिथे मी घरच्या खाण्यासाठी बोकड वाढवते. घरच्या म्हणजे अकरा घरांच्या. पिल्लू तीन महिन्यांचं असतानाच अकरा घरं मिळून ते घेतात, मी वर्षभर सांभाळते, माझी मेहनत मला महिन्याच्या महिन्याला मिळते. बोकड माझं नसतं, त्यांचंच असतं. अकरातलं एक घर माझं, एक काकूंचं. गावाकडे असंच चालायचं. सणाला एक जनावर, दहा-बारा घरं, आणि प्रत्येकाला माहीत की हे काय खाऊन मोठं झालं. इथे बाजारात जायला लागले तेव्हा दुकानात उलटं टांगलेलं बघितलं आणि विचारलं, भिया, कहाँ का है? तो म्हणाला, बहनजी, बकरे का है, और क्या. हे उत्तर मला पुरलं नाही.

कुणी विचारतं, फक्त शेळ्याच का, मोठं जनावर का नाही? इथे कायदा आहे, आणि मी कायद्याला फार भिते. माझ्या शेडमध्ये शेळ्या-बोकडांशिवाय चार पायांचं काही नाही. कुत्रा आहे, तो काकूंचा.

भित्री मी मुळातच आहे. नवऱ्याला पीथमपूरच्या कारखान्यात काम लागलं म्हणून इकडे आलो, तेव्हा दोन वर्षं मी एकटी बाजारात गेले नव्हते. हिंदी यायची नाही. कांबळेकाकूंच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. काकू महूच्या, वडील फौजेत, स्वतः नर्स म्हणून रिटायर झालेल्या. बोलणं एकदम कडक. मी परसात बसून रडत होते तर म्हणाल्या, "काय येतं तुला?" मी म्हटलं, काही नाही येत, शेळ्या येतात. काकू म्हणाल्या, "मग रडते कशाला? उद्या आण एक." मागची अर्धी जागा त्यांनी मला दिली. कागद नाही, करार नाही. त्या जागेवर उभी राहून मी आज लोकांना जाब विचारते, ती माझी हिंमत नाही, त्यांची आहे.

कामात नियम थोडे आहेत पण पक्के. सोयाबीनचं कुटार, हरभऱ्याचं भूस, शेवगा आणि सुबाभळीचा पाला. जंताचं औषध वेळच्या वेळी. खाली रोज चुना. शेवटच्या दिवशी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन परवानावाल्या खाटकाकडे जायचं, सोबत मी आणि वाटेकऱ्यांपैकी एक जण. घरी कापत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: महिन्यातून एकदा तरी प्रत्येकानं येऊन आपलं जनावर डोळ्यांनी बघायचं, आणि वाट्याच्या दिवशी स्वतः हजर राहायचं. ज्याला जिवंत बघवत नाही त्यानं माझ्याकडचं खाऊ नये. तुकोगंजच्या एक बाई म्हणाल्या, "सुनंदा, मला नाही गं बघवत, तू पार्सल पाठव ना." मी म्हटलं, बाई, तुम्हाला त्याच्याकडे बघवत नाही तर त्यानं तुमच्या ताटात का यावं? रागावून गेल्या. जाऊ देत.

वाटे कसे घालतात तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पळसाची अकरा पानं रांगेत मांडायची. प्रत्येकावर सगळं पडलं पाहिजे: मांडी, बरगडी, कलेजी, फुफ्फुस, चरबी. कलेजीचे अकरा तुकडे मी आजही दोनदा मोजते, इतकी ती छोटी असते. मुंडी समोर ठेवायची, कानातल्या बिल्ल्यासकट, म्हणजे कुणाचं जनावर ते सगळ्यांना दिसतं. मग एक जण पाठ करून उभा राहतो. आमच्याकडे काकू उभ्या राहतात, पेरूच्या झाडाकडे तोंड करून. मी एका पानावर बोट ठेवते आणि विचारते, "हा कोणाचा?" काकू न बघता एक नाव घेतात. ज्याचं नाव त्याचा वाटा. लहान-मोठा झाला तर नशीब, भांडायचं नाही. जो पाठ करून उभा आहे त्याला कुणाची बाजू घेता येत नाही.

दहा नावं काकू सरळ घेत. अकराव्याला म्हणत, "हेल्मेटवाले."

ते पुराणिकसाहेब. सरकारी खात्यातून रिटायर, वय सत्तरीच्या जवळ. घर सोवळ्याचं. माझ्याकडे स्कूटरवर यायचे, स्कूटर लावायचे आणि हेल्मेट काढायचे नाहीत. वाट्याच्या दिवशी पूर्ण वेळ हेल्मेट घालून उभे. मटण मिठाईच्या डब्यात भरून न्यायचे, वर दोरी. आत त्यांना काही ऐकू यायचं नाही. मी म्हणायची, साहेब, वजन वाढलं बघा. ते म्हणायचे, "क्या? जोरसे!" बाकीचे वाटेकरी हसायचे. ते काचेआडून सगळ्यांना नमस्कार करायचे.

मला ते आवडायचे, आणि एकदा त्यांनी माझा जीवच घेतला होता. दुपारी आले, खिशातून पुडी काढली आणि बोकडाला पोहे चारले. वर सेव घातलेले. प्रेमानं हो! मला सांगितलं तोवर त्याचं डावं पोट ढोलासारखं फुगलेलं. शेळीच्या पोटाला असलं अन्न चालत नाही, आत वायू धरतो आणि दोन-तीन तासांत जनावर जातं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं तेल पाजलं, पुढचे पाय उंचावर ठेवले, आणि चोळत बसलो. मी थकले तर साहेब बसले. पँट खराब, हेल्मेट डोक्यावर, चोळतायत आणि त्याला सांगतायत, "अरे भिया, निकाल दे. निकाल दे, मेरी इज्जत का सवाल है." चारच्या सुमाराला बोकडानं असा काही ढेकर दिला की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. साहेबांच्या काचेवर आतून पाणी जमलं होतं. घाम होता की काय, मी विचारलं नाही.

त्यानंतर ते महिन्यातून नाही, आठवड्यातून यायला लागले.

आता कॉलनीचं. मी शेड टाकली तेव्हा मागे नुसतं शेत होतं. मग तिथे प्लॉट पडले, मग गेट, मग पहारेवाला. माझ्या भिंतीला त्यांची भिंत लागली. मी त्यांच्याकडे गेले नाही, ते माझ्याकडे आले. पण बोलताना असं बोलतात की जणू मीच त्यांच्या हॉलमध्ये शेळ्या घेऊन शिरले. आधी वासाची तक्रार. मी चुना दुप्पट केला, लेंड्या रोज पोत्यात भरून एका शेतकऱ्याला द्यायला लागले. मग आवाजाची. शेळी ओरडते, त्याला मी काय करू? त्यांची कुत्री रात्रभर भुंकतात ते मी सोसते.

मग एक दिवस आमच्या गेटवर कॉलनीनं चिकटवलेला कागद. हिंदीत. मला हिंदी वाचता येतं आता, पण एका शब्दावर मी अडकले. तीनदा वाचला आणि काकूंकडे नेला. 'संदिग्ध मांस' असं लिहिलं होतं. आणि 'अवैध विक्रय'.

काकूंनी चष्मा लावला, वाचला, काढला. "संदिग्ध म्हणजे संशयाचं. तू काय कापतेस आणि कुणाला विकतेस ते माहीत नाही, असं म्हणतायत."

मी कागदाची घडी घातली. हा शब्द इथे एकदा कुणाच्या दारावर चिकटला की काय होऊ शकतं, ते मी लिहीत नाही. वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. नवरा म्हणाला, "विकून टाक सगळं. आपण परके आहोत इथे." त्या रात्री मीही तेच म्हणत होते. सकाळी शेडमध्ये गेले, तेवीस तोंडं माझ्याकडे वळली, आणि मला भयंकर राग आला. संदिग्ध? ज्याचा कान टोचला तेव्हा मी धरला होता, ज्याला मी सर्दीत ओव्याचा शेक दिला, ते संदिग्ध? आणि तुमच्या फ्रीजमधलं, पॅकेटमधलं, ते कुठून आलं कुणाला माहीत नाही, ते चोख?

कॉलनीच्या अर्जावरून नगर परिषदेच्या ऑफिसातून एक जण आले. वयस्कर, बोलायला सभ्य. शेड बघितली, चुना बघितला, डॉक्टरच्या चिठ्ठ्या बघितल्या. म्हणाले, "बहनजी, अपने घर के लिए पालना मना नहीं है. बेचना हो तो लाइसेंस लगेगा. ये है किसका?"

मी घाबरले की फार बोलते. म्हटलं, साहेब, ग्यारह घर का है, हमेशा ग्यारह, अकरा वाटे होतात.

"तो ग्यारह नाम दे दीजिए, दस्तखत के साथ. मैं इतवार को आता हूँ, जब बँटेगा. सामने देख लूँगा."

ते गेल्यावर काकूंनी कपाळावर हात मारला. "दहा म्हणायचं ना, वेडे!" आता अकराचे दहा केले असते तर मी खोटी ठरले असते. आणि अकराव्या वाट्याला नाव नसलं तर तो विकायचा वाटा झाला. म्हणजे कागदावरचं सगळं खरं झालं. म्हणजे शेड गेली.

दहा सह्या दोन दिवसांत मिळाल्या. कुणी कां-कूं केलं नाही, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. गुरुवारी दुपारी पुराणिकसाहेब आले. पहिल्यांदाच हेल्मेट काढून शेडमध्ये बसले, पोत्यावर.

"सुनंदाबाई, कॉलनीचा तो सेक्रेटरी आहे ना, ज्यानं अर्ज दिला? अमित? तो माझा जावई."

मी हातातला पाला खाली ठेवला.

"मी त्यांच्याकडेच राहतो. माझी बायको गेली त्या वेळी मी तिला शब्द दिला होता की हे खाणं सोडीन. नाही सुटलं. मुलीला वाटतं, सुटलंय." बोकड येऊन त्यांच्या खिशात तोंड घालत होतं. त्यांनी त्याला बाजूला केलं नाही. "माझं नाव तेवढं घेऊ नका. सही मागू नका. या वयात घरातून... म्हणजे काढणार नाहीत, पण बघतील कसं माझ्याकडे, विचार करा."

मी म्हटलं, नाही घेणार, साहेब. माझी शपथ.

मनापासून म्हटलं होतं, काकूंनाही तसंच बजावलं. त्यांनी हेल्मेट घातलं आणि गेले.

रविवारी साडेनऊला मी आणि एक वाटेकरी खाटकाकडून परत आलो. पानं मांडली. मुंडी समोर. ऑफिसवाले आले, वाकून कानातला बिल्ला बघितला, चिठ्ठीवरच्या नंबराशी ताडला, मान हलवली. म्हणजे संदिग्ध गेलं. मग गेटमधून अमित आला, हातात मोबाइल, रेकॉर्डिंग चालू.

"ताई, पर्सनल काही नाही हां," तो म्हणाला. "पण फॅमिली कॉलनी आहे. मुलं बघतात."

"बघू दे की," मी म्हटलं. "दूध पिशवीत उगवत नाही आणि मटण दुकानात उगवत नाही. मुलांना कळू दे."

काकू पेरूच्या झाडाकडे तोंड करून म्हणाल्या, "सुनंदा, भाषण नको. वाटे कर."

मी बोट ठेवत गेले. हा कोणाचा? हा कोणाचा? काकू एक-एक नाव घेत गेल्या. ऑफिसवाले कागदावर खूण करत गेले. लोक आपापलं पान उचलत गेले. पुराणिकसाहेब नेहमीसारखे मागे, शेडच्या खांबाआड, हेल्मेट घालून. मला त्यांची काच तेवढी दिसली. मग मी तिकडे बघणं सोडलं.

एक पान उरलं.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

काकू गप्प. त्यांची पाठ ताठ झालेली मला दिसली.

"क्यों भाई?" अमित म्हणाला. "अकरा ढेऱ्या, दहा नावं. मैं क्या बोल रहा था, सर? ये एक किसका है? ये बिकता है."

ऑफिसवाल्यांनी पेन वर केलं. "बहनजी?"

मला शेड दिसत होती. एक शेळी व्यायला झालेली, शेपटीखाली ओली, आज-उद्याकडे होती. मला ते घर सोडून जातानाचा टेंपो दिसत होता. आणि माझं तोंड उघडलं. मी हे जसंच्या तसं लिहिते आहे. माझ्या तोंडून "पु" एवढं निघालं.

आणि मागून आवाज आला, "माझा."

सगळे वळले. साहेब पुढे आले होते. हेल्मेट काखेत. विरळ केस डोक्याला चिकटलेले, कपाळावर हेल्मेटची लाल रेघ. "लिखिए साहब. वसंत गणेश पुराणिक. पूरा नाम लिखिए."

अमितचा मोबाइल खाली आला. "बाबा? तुम्ही?"

"हो, मी. दोन वर्षं झाली." आवाज कापत होता, पण थांबले नाहीत. "आणि यात संदिग्ध काही नाही, अमित. याचं पोट फुगलं होतं तेव्हा मी चोळलंय अख्खी दुपार. माझ्या फाइलीत कधी काही इतकं चोख नव्हतं."

त्यांनी वाकून स्वतःचं पान उचललं. डबा आणायला विसरले होते. पळसाच्या पानातून रस त्यांच्या शर्टावर गळत होता आणि ते तसेच उभे होते. ऑफिसवाल्यांनी अकरावी खूण केली, सही घेतली, आणि जाता जाता हळूच काकूंना विचारलं, "फेफड़ा भी बराबर बाँटते हैं आप लोग?" काकू म्हणाल्या, "सब बराबर."

शेड आहे तिथेच आहे. तक्रारी येतात, मी उत्तरं देते, आता पाठ झाली आहेत. कॉलनीनं भिंत दोन फूट वाढवली. माझ्या शेळ्यांना दुपारी सावली मिळाली. मी कुठे जाणार नाही. ज्यांना घाण वाटते त्यांनी येऊन बघावं, चुन्यावर पाय ठेवून बघावं. येत कुणी नाही.

पुराणिकसाहेबांचं मात्र तेवढं सरळ झालं नाही. मुलगी बोलते. जावई नमस्कारापुरता. त्यांची शेगडी आणि दोन भांडी गॅलरीत वेगळी लागली आहेत, तिथे ते स्वतः शिजवतात. मला म्हणाले, "कलेजी मला आता जमते, सुनंदाबाई." हसत म्हणाले. मी हसले नाही.

कारण मला झोपेतही तो "पु" ऐकू येतो. बरेच दिवस मी मनाची समजूत घातली की त्यांनी तो ऐकला नसेल, हेल्मेटमध्ये त्यांना काहीच ऐकू यायचं नाही. पण हेल्मेट काखेत होतं. कधी काढलं, मी बोलायच्या आधी की नंतर, ते मी बघितलं नाही, कारण मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटत होती. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मी पाठ करून उभी होते.

साहेब, हा अंक तुमच्याकडे येतो, मला माहीत आहे. मी शपथ घेतली होती आणि मोडायला निघाले होते. तुम्ही आधी बोललात म्हणून माझी पूर्ण मोडली नाही, एवढंच. लोकांना मी सांगत फिरते, जे खाता त्याच्याकडे बघा, आणि तुमच्याकडे दोन वर्षं मी नीट बघितलं नाही. आता बघीन. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी दहाला पानं मांडते. नवं बोकड आहे, दोन दाती, काळं, उजव्या कानावर पांढरा ठिपका. पोहे आणू नका.

या. मनात राग असला तरी या. काकू तुमचं नाव आता पूर्ण घेतात.